पेटीतलं उलथनं

"वापरा हं. नुसती बघत बसू नका. कांदा चिरा, पाव कापा, दोरी तोडा, हवं ते करा. आणि धार गेली की घेऊन या. माझे हात चालताहेत तोवर फुकट लावून देईन."

सुरी कागदात गुंडाळून गिऱ्हाइकाच्या हातात ठेवताना बाबा हे बोलायचे. ठिणगी शाळेत होती तेव्हापासून हे शब्द तिच्या कानात बसले होते. गिऱ्हाईक मान डोलवायचं, हसायचं आणि निघून जायचं. हल्ली मात्र बाबांनी ते बोलणं सोडलं होतं. सुरी द्यायची आणि पाठ फिरवायची. एखाद्याने "काही सूचना, उस्ताद?" असं विचारलंच, तर म्हणायचे, "पायावर पडणार नाही एवढं बघा. पडली तर तेवढंच एक काम तिच्या हातून होईल."

कारण साधं होतं. इतक्या वर्षांत धारेला म्हणून एकही सुरी परत आली नव्हती.

ठिणगी हे नाव बाबांनीच भट्टीवरून ठेवलेलं. नाव असं, आणि बोलणं असं की समोरच्याने जरा पुढे झुकल्याशिवाय ऐकू येऊ नये. आई गेल्यापासून घर, फोन, पार्सलं, गिऱ्हाइकं सगळं तीच बघायची, आवाज न चढवता.

बाबांची उमेदीची वर्षं कारखान्यात यंत्रांची पाती घासण्यात गेली. कारखाना बंद पडला तेव्हा त्यांनी मागच्या पत्र्याच्या शेडमध्ये भट्टी मांडली आणि हाताने सुऱ्या घडवायला घेतल्या. पोलाद तापवायचं, ठोकायचं, पात्याला पाणी द्यायचं, मूठ बसवायची. एकेका सुरीला महिना महिना जायचा. पहिल्याच प्रदर्शनात कुणीतरी फोटो काढले, ते कुठेतरी छापून आले, आणि बाबांना कळायच्या आत त्यांच्या सुऱ्या स्वयंपाकघराची वाट सोडून भलत्याच घरांत शिरल्या. घेणारे दोन प्रकारचे निघाले. एक जपणारे आणि दुसरे गुंतवणारे. दोघं एकमेकांना पाण्यात पाहायचे. सुरी मात्र दोघांच्याही घरी कधी नळाखाली गेली नाही.

बाबांनी दोघांना नावं ठेवली होती. जपणाऱ्यांचा म्होरक्या 'हातमोजे', कारण पांढरे हातमोजे चढवल्याशिवाय तो पात्याला बोट लावत नसे. गुंतवणाऱ्यांचा म्होरक्या 'वाढेल', कारण त्याचं कुठलंही वाक्य सुटलं की शेवटी त्या शब्दावरच येऊन बसायचं.

त्या शुक्रवारी वाढेल आला. शेडमधली खुर्ची आधी रुमालाने पुसली, मग रुमालाची पुसलेली बाजू आत घेऊन घडी घातली, मग बसला.

"तब्येत कशी आहे, उस्ताद?"

त्याच्या आवाजात काळजी होती. फक्त ती कुठल्या बाजूने होती ते कळत नव्हतं.

"अजून जिवंत आहे," बाबा म्हणाले. "निराशा झाली ना?"

"काय बोलता! उलट तुम्ही आराम करावा म्हणून तर आलोय. खरं सांगू का? तुम्ही आता थांबा."

"थांबू म्हणजे?"

"नव्या करू नका. तुम्ही दर वर्षी नव्या काढता, म्हणून जुन्या अडकून पडल्यात. तुमचा तो ठसा आहे ना, पात्यावर मारता तो, तो मला द्या. जन्माची ददात मिटेल एवढं देतो. मी तो काचेच्या पेटीत ठेवतो. ठसा बंद म्हणजे माल बंद. माल बंद म्हणजे भाव..."

"वाढेल," बाबांनी वाक्य पुरं केलं.

"बरोब्बर!" वाढेल खूश झाला. टोमणा त्याच्यापर्यंत पोचलाच नाही.

ठिणगी दाराशी उभी होती. ती हळूच म्हणाली, "तुमच्याकडच्या सुऱ्या कशा आहेत?"

"एकदम कडक, ताई. पेटीचं सीलसुद्धा फोडलेलं नाही."

"म्हणजे तू त्या बघितल्याच नाहीस?" बाबांनी विचारलं.

"फोटो आहेत ना. पेटी उघडली की ती उघडलेली पेटी झाली. मग तिला कोण विचारतो?" त्याने आवाज खाली आणला. "ते तुमचे हातमोजेवाले काका बघा. रोज काढतात, पुसतात, कुरवाळतात. भावनेत अडकलेत बिचारे. पुसून पुसून त्या सुऱ्यांचं मातेरं करतील एक दिवस."

बाबा ऐरणीकडे वळले. हातोडा जिथे ठेवायचे तिथे धूळ बसली होती, तिच्यावरून त्यांनी बोट फिरवलं आणि म्हणाले, "रविवारी सकाळी ये. ठसा घेऊन जा."

वाढेलने जाताना खुर्चीसुद्धा जागेवर ठेवली. एवढा आनंद झाला होता त्याला.

"बाबा, हे काय केलंत?"

"काय केलं? मी इतकी वर्षं काय केलं ते सांग आधी. सुऱ्या केल्या? अगं, सुरी कापते. मी खेळणी केली, मोठ्या माणसांची. देवाने हाताला कसब दिलं आणि मी ते पेट्यांत भरून लोकांना विकलं. एक पेट्यांवर बसतो आणि दुसरा पेट्या उघडून मुके घेतो. त्यापेक्षा ठसा देऊन टाकावा आणि मोकळं व्हावं."

"आणि एखादी आली तर?"

"कुठे?"

"धारेला."

बाबा हसले. ते हसणं ऐकवत नव्हतं. "आण की. एक आण. परक्या घरची, वापरून झिजलेली. ठसा देत नाही जा त्याला. पण घरची चालणार नाही. आणि चलाखी करशील तर मला कळेल."

चलाखी तिच्या मनात येऊन गेलीच होती, खोटं कशाला बोला. शेडमधली एखादी सुरी घ्यायची, फरशीवर चार वेळा घासायची, आली धारेला. पण ज्यांना सगळ्या गिऱ्हाइकांनी मान डोलवून फसवलं, त्यांना पोटच्या पोरीनेही फसवायचं, हे तिच्या जिवावर आलं. तिने चूल आवरली आणि फोन हातात घेतला.

जुनी गिऱ्हाइकं एकेक करून गाठली. एक म्हणाला, "धार? नव्यासारखी आहे हो! हात कुठे लावलाय!" हे त्याने अशा ऐटीत सांगितलं, जसं काही पोरगं वर्गात पहिलं आलंय. दुसऱ्याने घाबरून विचारलं, "का? काही दोष निघालाय का त्या लॉटमध्ये?" तिसरा तज्ज्ञ होता. त्याने तिला बराच वेळ समजावलं की धार लावली की मूळची धार जाते, मूळची धार गेली की सुरी मूळची राहत नाही, आणि स्वतः उस्तादांनी लावली तरी ती 'नंतरची'च. "म्हणजे ती कापण्यासाठी वापरायचीच नाही?" ठिणगीने विचारलं. "कापायला बाजारात मिळतात की, ताई," तो म्हणाला. एकीने सुरी भेट म्हणून दिली होती, ज्याला दिली त्याने पुढे भेट म्हणून दिली होती, आणि अशी ती सीलबंद पेटी घरोघर फिरत होती. कुणाच्या पोटात दुखलं नाही की कुणाचं बोट कापलं नाही.

आणि प्रत्येकाने, अगदी प्रत्येकाने, फोन ठेवायच्या आधी विचारलं, "उस्तादांची तब्येत कशी आहे?"

शनिवारी ती हातमोज्यांकडे गेली. निदान हा माणूस सुऱ्या पेटीबाहेर काढतो, या आशेवर. घर बैठं, पुढे चकचकीत दार, मागे गल्लीत स्वयंपाकघराचं दार. पुढच्या खोलीत भिंतभर काचेचं कपाट, आत दिवे, आणि हवेतला ओलावा मोजणारं एक घड्याळासारखं यंत्र. बाकी घरात पंख्याची कुरकुर चालू होती. कपाटात मात्र हवा अशी राखलेली, जशी बाळंतिणीच्या खोलीत राखावी.

"ये, ये. तुझ्या वडिलांची पोर म्हणजे माझीच," हातमोजे म्हणाले आणि मोजे चढवले. "ही बघ. उस्तादांचा मधला काळ."

मधला काळ म्हणजे बाबांची कंबर धरली होती तो काळ. उभं राहवत नव्हतं म्हणून स्टुलावर बसून ठोकलेली पाती होती ती. ठिणगीने ते सांगितलं नाही.

"काका, यातली एखादी कधी वापरलीत का हो?"

त्यांनी तिच्याकडे असं बघितलं, जसं तिने देवघरात चप्पल घालून पाऊल टाकलंय. "वापरायची? अगं, तुमच्याकडे येतो ना तो व्यापारी, तो वस्तूला भाव समजतो. मी वस्तूत जीव बघतो. माझ्या नजरेतून यांची एक रेघ सुटत नाही. डोळे मिटून बोट फिरवलं तरी कुठली कुठल्या सालातली ते सांगेन."

"मग एखादी धारेला द्या ना. बाबांना बरं वाटेल."

"धार जायला सुरीने काही कापावं लागतं, पोरी." ते प्रेमाने हसले. "आणि आता त्यांना सांग, उगाच नवे प्रयोग करू नका. शेवटचा काळ जरा गडबडीचा होतोय. अशी एक चूक मागेही झाली होती, ती गाठवाली आठवते? मुठीच्या लाकडात गाठ आली होती ती? ती मी मांडतच नाही. खालच्या कप्प्यात पेटीत घालून ठेवलीय. उस्तादांची चूक कुणाला दिसू देत नाही मी. मित्र म्हणून तेवढं करतो."

बाबांनी ते लाकूड मुद्दाम निवडलं होतं. गाठीवर अंगठा टेकतो म्हणून. ठिणगीने हेही सांगितलं नाही. तेवढ्यात हातमोज्यांचा फोन वाजला. रविवारी दुपारी त्यांच्यासारखेच जपणारे दहा-बारा जण कपाट बघायला आणि जेवायला यायचे होते, त्यातल्याच कुणाचा तरी होता. ते दुसऱ्या खोलीत गेले. आतून काकूंनी हाक मारली, "ये गं, पाणी घे."

काकू कोबी चिरत होत्या. बोलता बोलता, खाली न बघता. ठिणगीने पाण्याचा पेला तोंडाला लावला आणि तो तसाच राहिला.

काकूंच्या हातातल्या सुरीचं टोक मोडलेलं होतं. पातं काळं-निळं पडलेलं, मधोमध झिजून आत गेलेलं. मूठ तेलकट, गुळगुळीत, आणि मुठीच्या कडेला, जिथे काकूंचा अंगठा होता, तिथे लाकडात गाठ.

"काकू, ही..."

"हळू!" काकूंनी दाराकडे बघितलं. मग सुरी पदराआड धरून म्हणाल्या, "ओळखलीस होय? ह्यांनी नाही ओळखली अजून. रोज ताटात तिने चिरलेलं जेवतात."

"पण ती पेटीत आहे म्हणाले."

"पेटीत उलथनं आहे. मोठीच्या लग्नाआधीपासून. माझी विळीबिळी सगळी बोथट, एवढा मोठा भोपळा आलेला घरात, आणि ह्यांचं कपाट भरलेलं. ही गाठवाली टाकलेलीच होती, म्हटलं, बघू. अगं, लोण्यातून जावी तशी गेली! तेव्हापासून मी दुसरी हातात धरली नाही. पेटी हलकी लागली तर ह्यांना कळेल म्हणून उलथनं ठेवलं आत. पण छे! दर महिन्याला खालचा कप्पा पुसतात, पेटी उचलतात, परत ठेवतात. उघडत नाहीत. डोळे मिटून साल सांगतात म्हणे."

दोघी तोंडावर हात ठेवून हसल्या. ठिणगीला हसता हसता रडू आलं, ते तिने पाण्याबरोबर गिळलं.

"टोक कशाने गेलं?"

"डब्याचं झाकण उचकटताना." काकू ओशाळल्या. "आणि धार मी कपाच्या बुडावर लावते. पण आता लागत नाही गं. टोमॅटो चेचला जातो नुसता. तुझे वडील ही द्यायला घरी आले होते ना, तेव्हा म्हणाले होते, धार गेली की आणा? मी दारामागून ऐकलं होतं. पण कशी आणू? ह्यांना काय सांगू?"

"मला द्या," ठिणगी म्हणाली. "आजच द्या."

काकूंचा हात मुठीवर घट्ट झाला. पाहुणे, उद्या दुपार, एवढा स्वयंपाक, सगळं त्यांच्या चेहऱ्यावरून सरकून गेलं. "उद्या सकाळी परत मिळेल? जेवणाची तयारी करायच्या आत? हिच्याशिवाय माझं पान हलत नाही."

"मिळेल. शब्द देते. मागच्या दाराने."

काकूंनी सुरी धुतली, फडक्यात गुंडाळली आणि कोबी बोथट विळीवर घेतला. बाहेर हातमोजे फोनवर कुणाला तरी सांगत होते की खऱ्या रसिकाला वस्तू हाताळावीही लागत नाही.

बाबा शेडमध्ये खुर्चीवर बसले होते. भट्टी थंड. ठसा त्यांनी पुसून कागदावर काढून ठेवला होता, उद्यासाठी. ठिणगीने फडकं त्यांच्या मांडीवर ठेवलं.

त्यांनी ते उलगडलं. मग पातं उजेडाकडे धरलं आणि एकदम ओरडले, "अगं, काय हाल केलेत हे! टोक कुणी मोडलं? आणि ही धार, ही काय दगडावर घासलीय की काय?"

"कपाच्या बुडावर."

"कपाच्या! अरे देवा! कुणाच्या हातात दिली होती मी ही?" त्यांचा आवाज शेडच्या पत्र्याला लागत होता. कितीतरी दिवसांत ते एवढ्या जोराने बोलले नव्हते. "मूठ बघ. साबणाने धुतात वाटतं रोज. जरा तेलाचं बोट लावायला काय जातं यांचं? आणि पातं बघ, मधोमध कसं खाल्लंय. किती चिरलं असेल गं हिने? किती?" त्यांनी अंगठा गाठीवर ठेवला. तिथे लाकूड दबून एक खोलगट जागा झाली होती, त्यांच्या अंगठ्याहून लहान.

"बाई आहे," ते म्हणाले.

"हातमोज्यांची बायको."

ते ऐकून बाबा इतके हसले की त्यांना ठसका लागला. पेटीतल्या उलथन्याचं ऐकल्यावर तर त्यांनी ऐरणीला धरलं. मग डोळे पुसले, धारेचा दगड पाण्यात टाकला आणि बाह्या सारल्या. मोडलेलं टोक नव्याने काढायचं म्हणजे सावकाश काम होतं. संध्याकाळभर दगडावरचा तो एकसुरी आवाज घरात येत राहिला आणि ठिणगीने बाकी कसलाच आवाज केला नाही. भांडीसुद्धा तिने तशीच ठेवली. सकाळी ती उठली तर शेडमधून तोच आवाज येत होता.

ठरल्याप्रमाणे वाढेल आला. आज त्याने आणखी एक गृहस्थ आणला होता, कागदपत्रं बघायला. दोघांनीही खुर्च्या पुसल्या. ठिणगीने त्यांना पुढच्या खोलीत बसवलं आणि मागे जाऊन विचारलं, "बाबा, आलेत ते. काय सांगू?"

बाबा पात्यावर कागद ओढून धार बघत होते. कागद न फाटता चिरला जात होता. "सांग, ठसा कामात आहे."

तिने जाऊन तसंच सांगितलं, नेहमीच्या हळू आवाजात. वाढेल पुढे झुकला. "काय म्हणालात?"

"ठसा कामात आहे. द्यायचा नाही."

"ताई, काल-परवा ठरलं होतं! अहो, विचार करा. उस्तादांचं वय बघा, उद्या हात थरथरायला लागले म्हणजे? एक वाईट सुरी बाजारात आली तर आमच्या सगळ्या चांगल्या सुऱ्या..." तो घाबरला होता. त्याच्या कपाटातल्या, त्याने कधीही न बघितलेल्या सुऱ्यांची त्याला खरोखर काळजी वाटत होती. "बरं, वाढवतो. बोला. आणखी वाढवतो!"

"वाढेल," सोबतचा गृहस्थ सवयीने पुटपुटला.

"एक विचारू?" ठिणगी म्हणाली. "तुमच्या घरी स्वयंपाक कोण करतं?"

"स्वयंपाकाचा इथे काय संबंध?" वाढेल खरंच बुचकळ्यात पडला होता. त्याने सोबतच्या गृहस्थाकडे बघितलं. त्यालाही माहीत नव्हतं. "उस्तादांना बोलवा तुम्ही. मी त्यांच्याशीच बोलतो."

ती त्यांना बोलवायला मागे गेली. शेड रिकामं होतं. भट्टीत नवे कोळसे रचून ठेवले होते, अजून न पेटवलेले. ठसा कागदावर नव्हता, ऐरणीशेजारी खुंटीवर होता. धारेचा दगड ओलाच होता. मागचं फाटक नुसतं लोटलेलं.

तिने फाटकातून बघितलं. बाबा रस्त्याच्या सावलीच्या बाजूने चालले होते. धुतलेला सदरा, काखेत फडक्याचं गुंडाळं, आणि दुसऱ्या हातात तेलाची छोटी बाटली. कंबर धरलेली होती, म्हणून दर थोड्या अंतरावर भिंतीला हात टेकत होते. कोपऱ्यावर त्यांनी समोरून येणाऱ्या हातगाडीला वाट दिली, हातमोज्यांच्या घराच्या चकचकीत दाराकडे जाणारा रस्ता सोडला आणि मागच्या गल्लीत वळले.

पुढच्या खोलीतून वाढेलने दोनदा हाक मारली. ठिणगीने फाटकाची कडी आवाज न करता लावून घेतली.